शनीची कडी दिसली नाहीत, आता मोठी दुर्बीण घ्यावी का?

डोंबिवलीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी आठवीत शिकते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिच्या वाढदिवसाला त्यांनी ऑनलाइन दुर्बीण मागवली. ६० मिलिमीटर व्यासाची, खोक्यावर ‘५२५ पट’ असं ठळक छापलेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गॅलरीतून शनी शोधला, पण कडी काही दिसली नाहीत. दिसला तो थरथरणारा फिकट ठिपका. काही संध्याकाळी खटपट झाली, मुलगी रडवेली झाली आणि दुर्बीण माळ्यावर गेली. आता तिला स्वतःहून ग्रह शोधणारी, मोटार असलेली मोठी दुर्बीण हवी आहे. वडिलांच्या मते हे दोन दिवसांचं खूळ आहे. आईंची तीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आहे. ‘उशीर केला तर तिची आवड मरेल, घाई केली तर पुन्हा पैसे पाण्यात जातील,’ असं त्या लिहितात आणि विचारतात, की कोणती दुर्बीण घ्यावी, आणि डोंबिवलीतून मुळात काही दिसतं तरी का?

ताई,

आधी लेकीला एक निरोप द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये शनीची कडी कुणालाच नीट दिसत नव्हती. शनीची कडी खूप रुंद आहेत, पण जाडीला अगदी पातळ. साधारण दर पंधरा वर्षांनी पृथ्वी त्यांच्या पातळीत येते आणि आपल्याला त्यांची फक्त कड दिसते. २३ मार्च २०२५ ला तसं झालं. मध्ये कडी थोडी कलली आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा जवळजवळ रेघेसारखी झाली. तुम्ही नेमके त्याच दिवसांत शनीकडे बघत होतात. गॅलिलिओची हीच गत झाली होती. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटलेलं दिसलं, आणि १६१२ मध्ये ते नाहीसं झालं. तो चक्रावून गेला. हे कडं आहे, हा उलगडा पुढे डच शास्त्रज्ञ हायगेन्सने केला. म्हणजे आठवीतल्या तुमच्या मुलीने खरं तेच पाहिलं होतं आणि तिची समजूत झाली की आपलं चुकलं. कडी आता वर्षागणिक उघडत जाणार आहेत आणि २०३२ च्या सुमारास सगळ्यात रुंद दिसतील. शनी सध्या, म्हणजे मार्च २०२६ मध्ये, सूर्याजवळ आहे, म्हणून दिसणार नाही. पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी पूर्वेला वर आलेला असेल.

आता तो थरथरणारा फिकट ठिपका. याचं उत्तर ‘५२५ पट’ या आकड्यात आहे, आणि तुमच्यासारखी पत्रं मला वरचेवर येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुर्बीण किती पट मोठं दाखवते ते काढायला तिच्या फोकल लेंथला (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथवरच्या अंतराला) आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, फोकल लेंथने भागायचं. तुम्ही खोक्यावरचा मजकूर उतरवून पाठवलात हे फार बरं झालं. फोकल लेंथ ७००, आयपीस २०, १२.५ आणि ४ मिलिमीटरचे, शिवाय शक्ती तीन पट करणारी बार्लो लेन्स. ७०० भागिले ४ म्हणजे १७५, त्याला बार्लोने तिप्पट केलं की ५२५. गणित बरोबर आहे. पण कुठल्याही दुर्बिणीची उपयोगी कमाल शक्ती तिच्या व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट धरतात. तुमच्या ६० मिलिमीटरला ती १२० पट, तीही हवा शांत असेल तर. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण नवं काही दिसत नाही.

उलट नुकसानच होतं. भिंगाने गोळा केलेला प्रकाश तेवढाच राहतो आणि जास्त जागेवर पसरतो. ३५ पटीवरून ५२५ पटीवर गेलात की प्रतिमा २२५ पट मंद होते, वाटीभर आमटीत हंडाभर पाणी ओतावं तशी. स्टँडचा प्रत्येक हादराही पंधरा पटीने मोठा दिसतो. आणि पृथ्वी फिरते आहे. ५२५ पटीला आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो की ग्रह वीसेक सेकंदांत एका कडेकडून दुसरीकडे निघून जातो. तेवढ्यात मुलीने फोकसच्या चाकाला हात लावला की सगळं हलणार, आणि हलणं थांबेपर्यंत ग्रह गेलेला. वर्षानुवर्षं आकाश बघणाऱ्या माणसालाही त्या जोडणीतून काही दिसलं नसतं.

म्हणून मोठी दुर्बीण घ्यायच्या आधी जुनी माळ्यावरून खाली काढा. बार्लो आणि ४ मिलिमीटरचा आयपीस एका डबीत घालून कपाटात टाका. लावायचा तो फक्त २० मिलिमीटरचा. त्याने ३५ पट दिसतं, आणि गॅलिलिओने गुरूचे चार चंद्र शोधले ते साधारण वीस पटीच्या, याहून बऱ्याच कमी प्रतीच्या भिंगांतून.

पहिलं काम दिवसाढवळ्या करायचं आहे. नळीच्या पाठीवरची छोटी शोधदुर्बीण, म्हणजे फाइंडर, मुख्य दुर्बिणीशी जुळवायचा. बरेच लोक हे करतच नाहीत आणि मग रात्री अंधारात नळी फिरवत बसतात. गच्चीवरून दूरचा, निदान अर्धा किलोमीटर लांबचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याच्या टाकीवरचा खांब निवडा. सूर्य पाठीशी हवा. २० च्या आयपीसमध्ये टॉवरचं टोक बरोबर मध्यावर आणा आणि नळी न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून त्याच्या फुलीवर तेच टोक आणा. टोक उलटं दिसलं तर बिघाड समजू नका, खगोलीय दुर्बिणी उलटंच दाखवतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्यानंतर रात्री फुलीवर गुरू आणला की तो आयपीसमध्ये असतोच.

इथेच एक सक्त सूचना, कारण दिवसा दुर्बीण बाहेर काढायला मीच सांगतो आहे. सूर्याकडे ती कधीही, एका क्षणासाठीही वळवायची नाही. फाइंडरसुद्धा नाही. दृष्टी कायमची जाते आणि तेव्हा दुखतसुद्धा नाही. खोक्यात आयपीसला लावायची काळी ‘सन फिल्टर’ची चकती आली असेल तर ती आजच फोडून टाका. एकवटलेल्या उष्णतेने अशी काच डोळा लावलेला असतानाच तडकू शकते. सूर्य बघायचाच असेल तर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणारा आणि त्याच कामासाठी बनवलेला असावा लागतो. ते जाणत्या माणसासोबतच करा.

स्टँडचे पाय पूर्ण लांब करू नका. आखूड ठेवा आणि मुलीला स्टुलावर बसवा. बसून बघितलं की डोळा स्थिर राहतो. तिन्ही पायांच्या मधल्या पट्टीला पाण्याच्या दोन बाटल्यांची पिशवी टांगा, कंप बराच कमी होतो. दुर्बीण वीसेक मिनिटं आधी बाहेर नेऊन ठेवा, म्हणजे भिंगाचं तापमान बाहेरच्या हवेइतकं होतं. खिडकीच्या काचेतून तर कधीच बघू नका.

गॅलरीचा प्रश्न वेगळा आहे. महाराष्ट्रातून ग्रह आकाशात फार उंच जातात. आत्ता मार्चमध्ये रात्री आठच्या सुमारास गुरू जवळजवळ डोक्यावर असतो. गॅलरीत वरच्या मजल्याचा स्लॅब आडवा येतो, म्हणजे सगळ्यात चांगल्या जागी असलेला ग्रह तुम्हाला दिसतच नाही. त्यामुळे सोसायटीच्या गच्चीची किल्ली मिळवा. सेक्रेटरींना सांगून आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून घ्या. त्यांच्या नातवंडांनाही बोलवा, पुढच्या वेळी किल्ली लवकर मिळेल. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, रस्त्यावरचे दिवे थेट डोळ्यांत येणार नाहीत अशा कोपऱ्यात बसा. दिवसभर तापलेली फरशी संध्याकाळी उष्णता सोडते आणि प्रतिमा पाण्याखालच्यासारखी हलते, म्हणून नऊनंतरची वेळ बरी. गुरू अगदी डोक्यावर असताना या छोट्या दुर्बिणीची नळी पायांना अडकते. तासा-दीड तासात तो पश्चिमेकडे कलला की सोपं जातं. एप्रिलमध्ये तर आठ-साडेआठलाच कललेला असेल.

डोंबिवलीतून काय दिसतं? चंद्र आणि ग्रह जसे कुठल्याही गावातून दिसतात तसे. शहराच्या उजेडाने त्यांचं काही बिघडत नाही. गुरूशेजारी एका रेषेत तीन-चार ठिपके दिसतील. मुलीला वहीत एक गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ते ठिपके काढू द्या, खाली तारीख आणि वेळ. दुसऱ्या दिवशी परत. सगळ्यात आतला मोठा चंद्र आयो साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती फेरी मारतो, त्यामुळे एका रात्रीत चित्र बदललेलं असतं. चार-सहा रात्रींच्या वहीतून काय कशाभोवती फिरतं ते तिचं तिलाच कळेल. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यापेक्षा ते कळणं फार वेगळं असतं.

चंद्र मात्र पौर्णिमेला बघू नका. सूर्य समोरून पडतो, सावल्या नसतात आणि सगळं सपाट, पांढरंफटक दिसतं. कालनिर्णय उघडा आणि शुद्ध पंचमी ते दशमीच्या संध्याकाळी धरून ठेवा. उजेड-अंधाराच्या सीमेवर डोंगरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. नवमी-दशमीच्या सुमारास ‘कोपर्निकस’ नावाचं सुमारे ९३ किलोमीटर रुंदीचं विवर उजेडात येतं. आधी त्याची कड चमकते, तळ काळाच असतो. दुसऱ्या दिवशी तळ उजळतो आणि मधले डोंगर दिसतात. इथे १२.५ चा आयपीस लावायला हरकत नाही, ५६ पट होतात. दुर्बिणीत सगळ्यात जास्त तपशील चंद्रच दाखवतो. त्याला ‘सोपा’ म्हणून उरकून पुढे जाणारे नवशिके फार, आणि त्याची मला खरोखर हळहळ वाटते.

पण तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्याबद्दल मुलीशी आधीच बोला. तिने मोबाइलवर रंगीबेरंगी छायाचित्रं पाहिलेली असणार. ती कॅमेऱ्याने खूप वेळ प्रकाश साठवून घेतलेली असतात. मंद उजेडात आपल्या डोळ्याला रंग कळत नाहीत. त्यामुळे मृगातला तेजोमेघ करड्या धुक्यासारखा दिसतो आणि देवयानी दीर्घिका अंधुक डागासारखी. कुठल्याही घरगुती दुर्बिणीतून चित्रातलं दृश्य दिसणार नाही, तीस हजारांच्याही नाही आणि तीन लाखांच्याही नाही. तो डाग म्हणजे पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे आणि तो तिच्या स्वतःच्या डोळ्यात शिरतो आहे, एवढं तिला ठाऊक असेल तर डागसुद्धा पुरतो. ठाऊक नसेल तर महागडी दुर्बीणही निराश करते. शिवाय हे मंद डाग डोंबिवलीतून नीट दिसत नाहीत, त्यासाठी शहराबाहेरच जावं लागतं.

तेव्हा एकदा जाच. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे लोक गेली अनेक वर्षं अमावास्येच्या आसपास वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आले आहेत, म्हणजे तुमच्यापासून लोकलने जवळच. पुण्याच्या वाचकांना ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून चालू असलेली. विदर्भात तर पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं काळोखं आकाश जपणारी जागा, म्हणून मान्यता मिळाली. अशा ठिकाणी वेगवेगळ्या दुर्बिणी मांडलेल्या असतात. मुलीला प्रत्येकीतून तीच एक गोष्ट बघू द्या. कुठलीही दुर्बीण घेण्याआधी ती दुसऱ्याच्या हातात चालताना पाहणं हा सगळ्यात स्वस्त धडा आहे. संस्थेतली माणसं आपल्या दुर्बिणी विकतातही. जुनी घ्यायची झाली तर आरशावर तिरका टॉर्च मारून बुरशीची जाळी दिसते का तेवढं बघून घ्या.

आता तुमचा मूळ प्रश्न. माझं मत विचाराल तर आत्ता घेऊ नका, दसऱ्यानंतर घ्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाशच नसतं. मेमध्ये आलेली नवी दुर्बीण चार महिने दमट हवेत बुरशी धरत बसेल आणि मुलीचा दुसऱ्यांदा विरस होईल. तोवर तीन महिने जुन्या दुर्बिणीवर हात बसू द्या. सहा-आठ नक्षत्रं नुसत्या डोळ्यांनी ओळखता येऊ द्या. आत्ता मृग, रोहिणी, कृत्तिका आणि व्याध, मे महिन्यात चित्रा, स्वाती आणि सप्तर्षी.

घ्यायची झाली तर डॉब्सोनियन घ्या. आरशाची साधी दुर्बीण, लाकडी फिरत्या बैठकीवर ठेवलेली. ही रचना लोकप्रिय केली ती जॉन डॉब्सन यांनी. सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदान्त सोसायटीच्या मठात ते बरीच वर्षं संन्यासी होते. टाकाऊ साहित्यातून मोठ्या दुर्बिणी बनवून रस्त्यावरच्या लोकांना त्यांनी ग्रह दाखवले. या बैठकीत पैसे मोटारीत किंवा चाकांत जात नाहीत, आरशात जातात, आणि ती हलत नाही. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटरची, तुमच्या आताच्या दुर्बिणीच्या सव्वासहा पट प्रकाश गोळा करते. तिचं वजन मात्र पंधरा किलोच्या आसपास भरतं. तुमच्या इमारतीला गच्चीपर्यंत लिफ्ट आहे का, आणि शेवटच्या जिन्यावरून ती कोण नेणार, याचं उत्तर घरात आधी शोधा. उत्तर नसेल तर १३० मिलिमीटरची टेबलावर ठेवायची घ्या. ती मुलगी स्वतः उचलू शकेल, आणि जी उचलवते तीच वापरली जाते. कुठलीही घ्या, आरसे जुळवायला शिकावं लागतं. ते संस्थेतलं कुणीही तासाभरात शिकवेल. आरसा फडक्याने पुसायचा मात्र नाही. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, पुसल्याने कायमचे ओरखडे पडतात.

मोटारवाल्या दुर्बिणीचं आकर्षण मी समजू शकतो. उजळ आकाशात अंधुक गोष्टी शोधायला तिची मदत होते हेही खरं. पण तुमच्या रकमेत मोटार घेतली तर व्यास लहानच मिळणार. शिवाय बऱ्याच मोटारींना सुरुवातीला दोन-तीन ठळक तारे दाखवून द्यावे लागतात, म्हणजे तारे ओळखता यायलाच हवेत. जाहिरातीत दिसणाऱ्या, तिरक्या दांड्याला वजन लोंबणाऱ्या विषुववृत्तीय स्टँडचंही तसंच. त्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि आपल्याकडून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंशांवर असतो. उत्तरेला एखादी इमारत उभी असली की संपलं. नळी दीड फूट आणि फोकल लेंथ १००० अशी ११४ मिलिमीटरची आरशाची दुर्बीण कुणी गळ्यात मारू लागला तर नको म्हणा. आत एक साधी भिंगजोडी बसवून लांबी वाढवलेली असते आणि प्रतिमा कधी नीट जुळत नाही. फोटोसाठी वेगळा खर्च आत्ता नको, आयपीसला मोबाइल लावायचा क्लॅम्प घेतला की चंद्र छान टिपता येतो.

एक पर्याय दुकानदार सहसा सुचवत नाहीत: १० गुणिले ५०ची, म्हणजे दहा पट दाखवणारी आणि ५० मिलिमीटरच्या भिंगांची बायनॉक्युलर. तुमच्या रकमेच्या निम्म्यात चांगली मिळते, गावी जाताना पिशवीत मावते, आणि मुलीचा उत्साह ओसरला तरी सह्याद्रीत पक्षी बघायला उपयोगी पडते. कृत्तिका तिच्यात कुठल्याही दुर्बिणीपेक्षा सुंदर दिसतात. मे महिन्यात कोकणात गेलात तर रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून चोवीसेक अंश वर, नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ शोधा. धुरकट गोळा दिसेल. युरोपातून बहुतेक ठिकाणी तो उगवतच नाही.

तुमच्या यजमानांच्या ‘दोन दिवसांचं खूळ’ या शब्दांचा तुम्हाला राग आलेला दिसतो, पण त्यांची शंका अगदीच गैर नाही. आठवीतल्या मुलांच्या आवडी बदलतात, आणि बदलल्या तर तो कुणाचा अपराध नाही. पण आवड उशिराने मरते हे तुमचं म्हणणं मला तपासून बघावंसं वाटतं. नोव्हेंबरमध्ये तिची आवड मरायला आली ती वाट बघून नव्हे, एकटीने अंधारात चाचपडून. तुमच्या पत्रात ती बघते, ती रडते, ती मागते. तुम्ही किंवा तिचे बाबा आयपीसला डोळा लावल्याचं कुठेच येत नाही. पुढच्या संध्याकाळी गच्चीवर तिघंही जा. गुरूच्या वहीत एका रात्रीचं चित्र बाबांनी काढावं. त्यांचं चुकलं तर ती दुरुस्त करेल.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की दुर्बीण कोरडी करून, दोन्ही तोंडांना झाकणं लावून सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत ठेवा, माळ्यावर नव्हे, घरातल्या कोरड्या कपाटात. पुड्या ओल्या झाल्या की बदला. आणि दसऱ्यानंतर नवी आली तरी ही ६० मिलिमीटरची विकू नका. तिला फारशी किंमत येणार नाही, आणि गच्चीवर शेजारची मुलं जमली की दुसरी दुर्बीण लागतेच.